गोदामाचा अनुभव घेऊन दवाखान्यात जाणाऱ्यांसाठी

भिवंडीची गोदामं, तळोज्याची एमआयडीसी आणि न्हावा-शेव्याचे कंटेनर यांत माझी तेवीस वर्षं गेली. शेवटची सहा वर्षं अख्ख्या पश्चिम भारताच्या वितरणाची जबाबदारी माझ्याकडे होती. नोकरी सोडल्यावर ठाणे-बेलापूर रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला असलेल्या एका धर्मादाय दवाखान्यात ‘माझा काही उपयोग असेल तर सांगा’ म्हणत गेले. पहिला महिनाभर मदत कमी आणि अडचण जास्त केली. आता तिथे बऱ्यापैकी घडी बसली आहे, आणि ओळखीतले लोक विचारू लागले आहेत की आम्हालाही असं काही करता येईल का. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढते.

एक आधीच सांगते. हा लेख औषधांबद्दल नाही, औषधांच्या खोक्यांबद्दल आहे. कोणाला कोणती गोळी द्यायची हे डॉक्टर ठरवतात, ती हातात देणं फार्मासिस्टचं काम. १९४८ च्या फार्मसी कायद्यात हे स्पष्ट आहे. गर्दी कितीही असो, खिडकीवर बसून गोळ्या वाटायला लागू नका.

१. आधी दोन आठवडे नुसतं बसा

औषधाच्या खिडकीजवळ एक बाकडं असतंच. तिथे बसा. लॅपटॉप नको, कंपनीचा टी-शर्ट नको, ‘प्रोसेस’ हा शब्दही नको.

तिसऱ्या दिवशी मला जे दिसलं त्यावर पुढचं सगळं काम उभं राहिलं. साठीचे एक गृहस्थ चिठ्ठी घेऊन आले. सिस्टरनी कपाट उघडून बघितलं आणि म्हणाल्या, “काका, ही संपलीय. सोमवारी बघा.” काकांनी चिठ्ठीची चार घड्या घातल्या, ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि गेले. बस, एवढंच. कुठे नोंद नाही, कोणाची तक्रार नाही. सोमवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्या सोमवारीही नाहीत.

गोदामात माल शॉर्ट झाला की रात्री अकरापर्यंत फोन वाजायचा. एरिया मॅनेजर ओरडायचा, डीलर ओरडायचा, मीही कोणावर तरी ओरडायचे. त्या आरडाओरड्याचा तेव्हा वैताग यायचा, पण माल कुठे अडलाय ते तोच सांगत होता हे इथे आल्यावर कळलं. दवाखान्यात औषध संपल्याचा आवाज होत नाही. माणूस गुपचूप घरी जातो, बीपीची गोळी तीन आठवडे घेत नाही, आणि पुढच्या वेळी दिसतो तो कळव्याच्या रुग्णालयात स्ट्रेचरवर. तुमच्या अनुभवाची इथे सर्वात जास्त गरज कुठे असेल, तर हा न होणारा आवाज ऐकू येईल अशी सोय करण्यात.

२. कुठे जायचं ते ठरवा

ठाणे-नवी मुंबईत साधारण चार ठिकाणं आहेत.

पहिलं, महापालिकेचं नागरी आरोग्य केंद्र. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या निकषाप्रमाणे साधारण ५० हजार लोकवस्तीमागे एक केंद्र असतं. तिथल्या औषधसाठ्यात बाहेरचा माणूस हात घालू शकत नाही, आणि तेच बरोबर आहे. पण शिबिरं, लसीकरणाचे दिवस, रांगा लावणं आणि आशाताईंच्या कामात हातभार लावणं यासाठी वैद्यकीय अधिकाऱ्यांना माणसं हवी असतात.

दुसरं, धर्मादाय दवाखाने. दिघा, तुर्भे स्टोअर्स, मुंब्रा, लोकमान्य नगर, येऊरचे पाडे अशा भागांत काम करणाऱ्या छोट्या संस्था असतात. तिथे डॉक्टर मिळतात, पण साठ्याकडे बघायला कोणी नसतं. सप्लाय चेनवाल्याने सुरुवात इथे करावी असं माझं मत.

तिसरं, निक्षय मित्र. क्षयरुग्णांना पोषण आहार पुरवण्याची ही केंद्राची योजना सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. व्यक्ती, गृहसंकुल, कंपनी कोणीही निक्षय पोर्टलवर नोंदणी करू शकतं, निदान सहा महिन्यांची बांधिलकी घ्यावी लागते. क्षयाची औषधं सरकार मोफत देतं, तुमच्याकडे येतं ते दर महिन्याला डाळ, तेल, शेंगदाणे वेळेवर पोचवण्याचं काम. म्हणजे तुमच्या हातचा मळ. फक्त कंपनीच्या नावाचा टेम्पो रुग्णाच्या दारात उभा करू नका आणि फोटो काढू नका. दिवा भागातल्या चाळीत टेम्पो थांबला की अख्ख्या मजल्याला कारण कळतं, आणि पुढच्या महिन्यात ते कुटुंब दार उघडत नाही. पाकिटं केंद्रावर ठेवा, रुग्ण औषधाला येईल तेव्हा घेऊन जाईल.

चौथं, कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्याच्या निधीतून काम. याबद्दल मी फार बोलत नाही. एवढंच सांगेन की चकाचक मशीन देणारे पुष्कळ भेटतात, त्या मशीनची वर्षभराची कार्ट्रिज कोण देणार हे विचारलं की मीटिंग संपते.

३. कागद आधी, उत्साह नंतर

तुमच्याकडे हवं: ओळखपत्र, संस्थेचं पत्र (कोणतं काम, किती दिवस, कोणाच्या हाताखाली), आणि रुग्णांची माहिती बाहेर जाणार नाही असं तुमच्या सहीचं लेखी हमीपत्र. हे शेवटचं संस्था मागणार नाही. तुम्हीच द्या.

संस्थेकडे बघायचं: धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, डॉक्टरांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी (दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं, तारीख बघा), फार्मासिस्टची नोंदणी, जैव-वैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि कचरा उचलणाऱ्या संस्थेशी केलेला करार. औषध साठवण्या-वाटण्यासाठी अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो की दवाखान्याला सूट लागू होते, हा प्रश्न डॉक्टर आणि फार्मासिस्टना घेऊन एफडीएच्या कार्यालयात जाऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या. ‘सगळे असंच करतात’ हे उत्तर धरू नका. कस्टम्समध्ये ते चाललं नाही, इथेही चालत नाही.

यातला एखादा कागद नसेल तर पळून जाऊ नका. तो मिळवून देणं हेच तुमचं पहिलं काम समजा. चलन, बिल्टी, ई-वे बिलांच्या मागे आयुष्य घालवलेल्या माणसाइतका चिकट माणूस दवाखान्यात दुसरा नसतो.

४. परत गेलेल्यांची वही

हे मुख्य. बाकी काहीच जमलं नाही तरी एवढं करा.

दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक पानावर सहा रकाने: तारीख, केस पेपरचा नंबर, औषध, ताकद (मिलीग्रॅम), किती हवं होतं, किती दिलं. रुग्णाचं नाव लिहू नका, नंबर पुरे. खिडकीवरून कोणी रिकाम्या किंवा अर्ध्या हाताने गेलं की एक ओळ लिहायची. औषध पुन्हा आलं की त्या नंबरांवरून आशाताई किंवा सिस्टर घरी निरोप देतात.

आमच्याकडे ही वही सुरू करायला जेवढा वेळ लागला तेवढा भिवंडीत नवीन गोदाम सुरू करायला लागला नव्हता. कारण मीच. मी आधी अकरा शीटची एक्सेल फाइल बनवली होती, त्यात ड्रॉपडाउन, रंग, सगळं. सिस्टरनी दोन दिवस भरली. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “मॅडम, एकीकडे इंजेक्शन देऊ, एकीकडे ड्रेसिंग करू, का हे भरू?” खरं होतं. मग वही आली, पेन्सिल दोऱ्याने तिला बांधली, आणि ती खिडकीच्या आतल्या बाजूला खिळ्याला टांगली. आता ओळ लिहायला दहा सेकंदही लागत नाहीत.

दुसरी अडचण नाजूक होती. सिस्टरना वाटलं ही वही त्यांच्या चुका मोजायला आहे. तसं वाटलं की ओळी लिहिल्या जात नाहीत आणि वही सुंदर कोरी राहते. म्हणून पहिल्या महिन्यात वहीत जे जे दिसलं त्याचा दोष मी उघडपणे खरेदीवर घेतला, म्हणजे स्वतःवर. दुसऱ्या महिन्यात ओळी तिप्पट झाल्या. ट्रस्टी घाबरले, मी खूश झाले.

५. मोजणी, आणि बिन कार्ड

एखाद्या रविवारी दवाखाना बंद असताना फार्मासिस्टना सोबत घेऊन सगळा साठा मोजा. खोकी नाही, गोळ्या मोजा. तीन ढीग करा: चालू, पुढच्या तीन महिन्यांत मुदत संपणारा, आणि मुदत संपलेला. तिसरा ढीग बघून कोणाकडेही बघू नका.

प्रत्येक औषधाच्या खणाला एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड, म्हणजेच बिन कार्ड, बांधा: आलं, गेलं, शिल्लक, बॅच, मुदत. सरकारी केंद्रांत ‘ई-औषधी’ प्रणालीवर नोंदी असतात, छोट्या दवाखान्यात कार्ड पुरतं. बॅच नंबर लिहिणं टाळू नका. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला दर्जात नापास झालेल्या औषधांची बॅचनिशी यादी जाहीर करते, ती ताडून बघायला पाच मिनिटं लागतात. १ ऑगस्ट २०२३ नंतर बनलेल्या ३०० ठरावीक ब्रँडच्या औषधांवर क्यूआर किंवा बारकोडही असतो, तो मोबाइलवर वाचता येतो.

गोदामात आपण ‘आधी आलेलं आधी बाहेर’ करतो. इथे ते विसरा. ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर, मग ते काल आलेलं का असेना. नवा माल मागे, जुना पुढे एवढं लक्षात ठेवून भागत नाही, तारीख वाचावीच लागते.

आणि हे एक अगदी बारीक, पण कोणी सांगत नाही. गोळ्यांच्या पट्टीवर बॅच आणि मुदत बहुतेक वेळा एकाच टोकाला छापलेली असते. पाच गोळ्या द्यायच्या असल्या की कात्री चालते, आणि ती हमखास छापलेल्या टोकाकडून चालते. रुग्णाला तारीख असलेला तुकडा जातो आणि कपाटात उरतात त्या अनाथ गोळ्या. आमच्या मोजणीत असे तुकडे एक बरणीभर निघाले. मुदत माहीत नाही म्हणून सगळे टाकावे लागले. आता कपाटाच्या दाराला चिठ्ठी आहे: ‘तारखेचं टोक शेवटी.’ रुग्णाच्या तुकड्याचं काय, हा प्रश्न उरतो. तर फार्मासिस्ट पाकिटावर औषधाचं नाव, बॅच आणि मुदत हाताने लिहितात.

६. एबीसी तुम्हाला येतं, व्हीईडी शिका

जास्त पैसे खाणारा माल ‘ए’, किरकोळ तो ‘सी’, ही विभागणी तुम्हाला झोपेतही करता येईल. रुग्णालयं तिला दुसरी जोड देतात: व्हायटल, इसेन्शियल, डिझायरेबल. म्हणजे ज्याच्यावाचून जीव जाईल ते, ज्याच्यावाचून उपचार अडेल ते, आणि असलं तर बरं ते.

नोकरीतली सवय इथे घात करते. अॅड्रेनालिनचं इंजेक्शन घ्या. तपकिरी काचेची एवढीशी कुपी, किंमत किरकोळ, वर्षात कदाचित एकही लागणार नाही. आपल्या हिशेबात हा ‘सी’ वर्गाचा, न हलणारा माल, पहिल्याच बैठकीत यादीतून उडवायचा. पण एखाद्याला इंजेक्शननंतर तीव्र अॅलर्जी आली, श्वास कोंडला, तर दवाखान्यात त्या क्षणी सर्वात मोलाची वस्तू तीच. ती कधीच संपलेली चालत नाही, आणि मुदत संपून ती टाकावी लागली तर तो तोटा नाही.

कोणतं औषध कुठल्या वर्गात, हे डॉक्टरांनी ठरवायचं. तुम्ही फक्त तक्ता घेऊन समोर बसा आणि प्रत्येक नावाला विचारा, “हे आठवडाभर नसलं तर काय होईल?” आमच्या डॉक्टरांनी एक तास कुरकुर केली आणि मग स्वतःहून यादीतली चाळीसेक नावं कमी केली. भारताच्या २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतच ३८४ औषधं आहेत, वस्तीतल्या बाह्यरुग्ण दवाखान्याला त्याचा छोटा भाग पुरतो.

७. किती मागवायचं: माझी फसलेली आकडेमोड

पहिल्या तिमाहीत मी मागच्या महिन्याचा खप बघून ऑर्डर दिली. आकडे नीट, गुणाकार नीट, आणि बीपीची अॅम्लोडिपिन पुन्हा संपली. परत मागवली, परत संपली. दर महिन्याला मागणी वाढतेय असं मला वाटत होतं.

वाढत नव्हती. आमच्या कामाच्या २६ दिवसांपैकी १४ दिवसच गोळी कपाटात होती. त्या १४ दिवसांत ४,२०० गोळ्या गेल्या, म्हणजे दिवसाला ३००. उरलेल्या १२ दिवसांचा खप शून्य दिसत होता, कारण द्यायलाच काही नव्हतं. खरी गरज ३०० × २६, म्हणजे ७,८००. मी मागवत होते ४,२०० आणि वर थोड्या. माल नव्हता म्हणून खप कमी, खप कमी म्हणून ऑर्डर कमी, ऑर्डर कमी म्हणून पुन्हा माल नाही. परत गेलेल्यांची वही नसती तर हे चक्र मला दिसलंच नसतं. वहीत त्या १२ दिवसांत पानंच्या पानं अॅम्लोडिपिन होती.

तर नियम असा: महिन्याचा खप भागिले औषध हजर असलेले दिवस, गुणिले कामाचे दिवस.

पुढचं सोपं आहे. पुरवठादार सरासरी ९ दिवसांत माल देतो, कधी १५ लावतो. ३०० × ९ = २,७००, आणि उशिराच्या सहा दिवसांसाठी ३०० × ६ = १,८००. साठा ४,५०० गोळ्यांवर आला की ऑर्डर जायलाच हवी. हा आकडा बिन कार्डावर लाल पेनाने लिहा. सिस्टरना सूत्र सांगायची गरज नाही, ‘लाल आकडा आला की फोन’ एवढं पुरतं.

पुरवठादार नऊऐवजी पंधरा दिवस का लावतो, याची उत्तरं तुम्हाला माहीतच आहेत: घोडबंदर रोड, भिवंडी बायपास, अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी बंदी, दिवाळी. छोट्या दवाखान्याची ऑर्डर मोठ्या वितरकाच्या दृष्टीने शेवटची. आम्ही तीन संस्थांनी मिळून एकाच दिवशी ऑर्डर द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे आमच्याकडे टेम्पो वळला.

८. खरेदीतले सापळे

बिलाशिवाय औषध घेऊ नका. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला स्वस्त मिळतं, असं सांगणारा कोणीतरी दर महिन्याला भेटतो. घाऊक परवाना असलेल्या दुकानातून, बॅच आणि मुदत छापलेल्या बिलावर मिळत असेल तर खुशाल घ्या. नसेल तर चार पैसे वाचवू नका.

दहावर दोन फुकट, हा मोह आवरा. दोन फुकट पट्ट्यांसाठी अडकलेले पैसे इन्सुलिनचे असतात.

जेनेरिक जरूर घ्या, पण दर खेपेला कंपनी बदलू नका. आमच्याकडे एका आजींची गोळी पांढरीची गुलाबी झाली. औषध तेच, कंपनी वेगळी. आजींना वाटलं डॉक्टरांनी नवी दिली, घरात जुन्या आठ-दहा शिल्लक होत्या, त्यांनी दोन्ही चालू ठेवल्या. चौथ्या दिवशी मोरीत चक्कर येऊन पडल्या. सुदैवाने मनगटावर निभावलं. खरेदीत मी वाचवले होते पट्टीमागे दीड रुपया. तेव्हापासून कंपनी बदलली की पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘गोळीचा रंग बदलला, औषध तेच, जुनी संपल्यावर ही’ असा शिक्का बसतो आणि फार्मासिस्ट तोंडीही सांगतात, कारण शिक्का वाचता न येणारेच जास्त असतात.

दान म्हणून येणारी औषधं हा वेगळाच विषय. दिवाळीच्या साफसफाईनंतर एखाद्या टॉवरमधून तीन पिशव्या भरून अर्ध्या पट्ट्या, उघडलेल्या बाटल्या आणि डॉक्टरांना मिळालेली सॅम्पलं येतात. भावना चांगली असते. जागतिक आरोग्य संघटनेची औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वं मात्र सांगतात की रुग्णांना दिलेली औषधं आणि फुकट सॅम्पलं दान म्हणून घेऊ नयेत, आणि दान आलेल्या औषधाची मुदत निदान वर्षभर शिल्लक असावी. सोसायटीच्या सेक्रेटरींना हे नम्रपणे सांगा आणि त्याच दमात त्यांना दवाखान्याला लागणाऱ्या औषधांची यादी व वितरकाचा नंबर द्या. पिशवी घेऊन आलेले निम्मे लोक चेक देतात.

मुदत संपलेली औषधं कचराकुंडीत, गटारात किंवा भंगारवाल्याकडे नाहीत. २०१६ च्या नियमांप्रमाणे ती पिवळ्या पिशवीत, कचरा उचलणाऱ्या गाडीकडे, नोंद करून.

९. फ्रिज

पहिल्या दिवशी आमचा फ्रिज उघडला तेव्हा आत होतं: वरच्या खणात इन्सुलिन, त्याला चिकटून दह्याचा डबा, दारात टीटीची इंजेक्शनं, आणि भाजीच्या ट्रेमध्ये मावशींचा मोगऱ्याचा गजरा. गजरा सोडून सगळं चुकीच्या जागी होतं.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं. सगळे उन्हाला घाबरतात, पण घरगुती फ्रिजमध्ये खरा धोका गोठण्याचा. मागच्या भिंतीला किंवा बर्फाच्या कप्प्याला चिकटलेली कुपी गोठते, सकाळी दार उघडझाप झाली की वितळते, आणि दिसायला पहिल्यासारखीच दिसते. एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नाही, संशय आला तरी नाही. म्हणून मधला खण, भिंतीपासून चार बोटं अंतर, दार अजिबात नाही. कमाल-किमान दाखवणारा डिजिटल थर्मामीटर काही शे रुपयांत येतो. सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा. खालच्या ट्रेमध्ये पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवा, दुरुस्तीसाठी वीज बंद असेल तेव्हा त्या थंडावा धरून ठेवतात. प्लगवर चिकटपट्टी लावून लिहा: ‘काढू नये.’ आमच्याकडे कोणीतरी मोबाइल चार्ज करायला तो काढला होता, शनिवारी संध्याकाळी.

कोल्ड चेनमध्ये काम केलेल्यांना थोडा जास्तच आत्मविश्वास असतो, मलाही होता. लसीकरणाच्या शिबिरात मदतीला गेले तेव्हा मी आइस पॅक डीप फ्रीझरमधून काढून थेट व्हॅक्सिन कॅरियरमध्ये (लसी नेण्याच्या थंड पेटीत) ठेवायला निघाले. एएनएम ताईंनी, म्हणजे आरोग्यसेविकेने, माझा हात धरला. “थांबा, घाम येऊ द्या त्याला.” पॅक बाहेर काढून ठेवायचा, हलवल्यावर आत पाण्याची खळखळ ऐकू आली की मगच भरायचा. नाहीतर पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, टीडी या लसी गोठून निकामी होतात. कुपीवरचा छोटा चौकोनही त्यांनीच दाखवला: आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तोवर लस वापरायची, रंग सारखा झाला की बाद. एवढी स्वस्त आणि एवढी हुशार पट्टी मी तेवीस वर्षांत एकाही मालावर पाहिली नव्हती.

१०. पावसाळ्याची तयारी मेमध्ये

जून ते ऑक्टोबर आपल्याकडे ताप, हगवण, मलेरिया, डेंग्यू, लेप्टो. ओआरएस, झिंक, पॅरासिटामॉल यांचा लाल आकडा मेच्या पहिल्या आठवड्यात वाढवा. किती, ते मागच्या वर्षीची वही सांगेल. पहिल्या वर्षी वही नसेल तर जवळच्या आरोग्य केंद्रातल्या फार्मासिस्टना विचारा.

खोकी जमिनीवर नकोत, भिंतीला टेकून नकोत. भाजी मार्केटच्या प्लॅस्टिक क्रेट उलट्या टाकल्या तरी पॅलेटचं काम होतं. खोली पत्र्याची असेल तर एप्रिल-मेमध्ये माळ्यावर काही ठेवू नका, ‘३० अंशांखाली ठेवा’ हे खोक्यावर शोभेला छापलेलं नसतं. आणि उंदीर. सलाइनच्या पिशव्या उंदीर कुरतडतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आता तुम्हाला सांगितलं.

११. पहिल्या भेटीला जाताना

सोमवारी सकाळी जाऊ नका, रविवारची सगळी गर्दी तेव्हा असते. बुधवार किंवा गुरुवार, दुपारी तीन. ट्रस्टींना भेटा, पण आधी सिस्टर आणि मावशींना भेटा. चाव्या कोणाकडे असतात ते त्याच सांगतील. तुमचं पूर्वीचं पद विचारल्याशिवाय सांगू नका.

पिशवीत हे असू द्या: दोनशे पानी वही, चार पेन्सिली, सुतळीचं रीळ, जाड पुठ्ठा, लाल पेन, दोन थर्मामीटर, चिकटपट्टी आणि एक खिळा. हातोडी दवाखान्यात असते. आमच्याकडे ती ईसीजीच्या ड्रॉवरमध्ये सापडली.